एकतर्फी झीज

नव्या पिकअप गाडीचा टायर सारखा झिजत नाही. तो आतून झिजतो, बाहेरून झिजतो, मधोमध झिजतो, कधी जागोजाग झिजतो; पण या कडेपासून त्या कडेपर्यंत एकाच मापाने झिजलेला टायर रत्नागिरी जिल्ह्यात नमुन्यादाखलही मिळणे कठीण. जुन्या गाडीच्या बाबतीत याचे कुणाला काही वाटत नाही. बुश गेलेले असतात, पाटे बसलेले असतात, गाडीच्या वयावर सगळे ढकलता येते. दोन वर्षांच्या, निम्मे हप्तेही न फिटलेल्या गाडीचा टायर एका कडेने गोटा झाला, तर मात्र वयाची सबब चालत नाही. मग दोषी शोधावा लागतो. टायर झिजायला जेवढे दिवस लागतात, त्याहून हा शोध जास्त दिवस चालतो.

रत्नागिरीत पिकअप म्हणजे बहुतेक वेळा महिंद्राची बोलेरो पिकअप. टाटाची योद्धा आणि अशोक लेलँडची दोस्त याही रस्त्यावर दिसतात. २००५ साली आलेल्या टाटा एसला छोटा हत्ती म्हणतात आणि त्याची गणना पिकअपमध्ये केलेली पिकअपवाल्यांना आवडत नाही. एमएच ०८ पाटीची पिकअप मार्च ते मे हापूस वाहते. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीची बंदी संपली की मिरकरवाडा बंदरातली मासळी वाहते, गणपतीच्या आधी मूर्ती, दिवाळीनंतर चिरा आणि लग्नसराईत मंडपाचे सामान. मंडपाच्या सामानावर बसून येणाऱ्या माणसांचा उल्लेख कोणत्याही कागदावर नसतो.

गाडी किती माल नेऊ शकते हे कंपनीने लिहून दिलेले असते, उदाहरणार्थ १.३ टन किंवा १.७ टन. आंबा पाव किलोचा धरला, तर पाच डझनांची पेटी लाकूड आणि गवतासकट सतरा-अठरा किलोंची होते. म्हणजे १.३ टनांच्या गाडीत साधारण ७२ पेट्या बसाव्यात. प्रत्यक्षात पेट्या वजनाने नव्हे, तर दोरी पुरेल तिथवर भरल्या जातात. चिऱ्याचे गणित याहून बिकट. एक चिरा पंचवीस-तीस किलोंच्या घरात जातो, म्हणून पन्नासेक चिऱ्यांतच गाडीचा कागदोपत्री कोटा संपतो, आणि हौद्यात बघावे तर तळसुद्धा नीट झाकलेला नसतो. अर्धी रिकामी दिसणारी गाडी रस्त्याला लावणे हा मालकाला अपमान वाटतो. पाऊस पडून गेलेला असेल तर चिऱ्याचा जांभा दगड पाणी पिऊन आणखी जड झालेला असतो. त्या पाण्याचे भाडे कुणी देत नाही, ते वाहतो मात्र टायर.

टायर रस्त्याला टेकतो तो फार थोडा. भरलेल्या पिकअपच्या एका चाकाखाली माणसाच्या पंजाएवढा रबराचा तुकडा जमिनीला लागलेला असतो, आणि असे चार पंजे मिळून गाडी, माल, चालक, क्लीनर आणि कर्ज एवढे सगळे तोलतात. हा पंजा सपाट टेकला आणि गाडी जाते त्याच दिशेला फिरला, तर टायर सारखा झिजतो. वाकडा टेकला, तिरका फिरला किंवा मधेच उडाला, तर झीज एकतर्फी होते. कारणे एवढीच. बाकीचा तपशील म्हणजे पंजा वाकडा कोणी केला याची चौकशी.

गाडी नवी असताना टायरकडे एकदाच नीट पाहिले जाते. शोरूममधून बाहेर पडताना चार चाकांखाली चार लिंबे ठेवतात, हळदकुंकू वाहतात, नारळ फुटतो आणि गाडी पुढे घेतात. चारही चाकांवर भार सारखा येतो की नाही हे पाहण्याचा तो एकमेव प्रसंग. पण लिंबे सारखी चिरडली का, हे वाकून कुणी बघत नाही. त्यानंतर समोर लिंबू-मिरची, मागे जुनी चप्पल, आरशाला काळा गोंडा असा दृष्ट लागण्याविरुद्धचा सगळा बंदोबस्त होतो. हवेविरुद्ध होत नाही. पुढची पाहणी दसऱ्याला, गाडी धुऊन टायरला कुंकू लावताना. त्या दिवशी काही दिसलेच तरी सणाचा दिवस म्हणून बोलत नाहीत.

त्यामुळे एकतर्फी झिजेचा शोध मालक लावत नाही की चालक. तो पंक्चरवाला लावतो. चाक काढून, जमिनीवर आडवे टाकून, पाय ठेवून तो म्हणतो, “शेठ, आतनं खाल्लाय बघा.” आतली कड गाडीखाली असते, उभ्या माणसाला दिसत नाही, आणि नव्या गाडीखाली वाकायची वेळ कुणावर आलेली नसते. बाहेरून नक्षी शाबूत, आतून तार दिसायला आलेली, असा टायर महिनोन्‌महिने सज्जन म्हणून मिरवू शकतो.

यानंतर दोषारोप सुरू होतात आणि ते ठरलेल्या क्रमाने होतात. मालक म्हणतो चालक गाडी हाणतो. चालक म्हणतो रस्ता बघा. टायरवाला म्हणतो अलाइनमेंट गेलेय. अलाइनमेंटवाला गाडी हलवून म्हणतो बुशच ढिले आहेत, अलाइनमेंट टिकणार कुठून. मिस्त्री म्हणतो आधी कुणीतरी चुकीचा हात लावलाय. शोरूममध्ये सांगतात की झीज वॉरंटीत बसत नाही, चालवण्याच्या सवयीमुळे होते. म्हणजे प्रकरण पुन्हा चालकावर. गंमत अशी की यातला प्रत्येक जण थोडाफार बरोबर असतो. म्हणूनच भांडण मिटत नाही. या सगळ्या प्रवासात ज्या एका गोष्टीला विचारायचे राहून जाते ती म्हणजे हवा, आणि चौकशी खरे तर तिथून सुरू व्हायला हवी.

हवा कमी असली की टायर मधोमध किंचित आत दबतो आणि भार दोन्ही कडांवर जातो. दोन्ही कडा झिजतात, मध्य नवा राहतो. हवा जास्त असली की टायर मधोमध फुगतो आणि फक्त मध्य झिजतो. किती हवा भरावी हे दरवाजाच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीत, विम्याच्या कागदाखाली, न उघडलेल्या अवस्थेत सापडते. पंक्चरवाला विचारतो, “किती मारू?” आणि उत्तर येते, “मार की नेहमीची.” नेहमीची म्हणजे किती, हे दोघांनाही ठाऊक नसते, पण दोघांचाही त्या आकड्यावर पूर्ण विश्वास असतो. कारच्या टायरला तीस-पस्तीस पीएसआय पुरते. भरलेल्या पिकअपच्या मागच्या चाकांना त्याच्या दीडपट किंवा अधिक लागते. कारच्या मागोमाग रांगेत लागलेल्या पिकअपला कधी कधी कारचीच हवा मिळते. त्यातून जिल्ह्यातल्या कोणत्याही दोन पंपांची मापे एकमेकांशी जुळत नाहीत. चिकित्सक मालक दोन ठिकाणी हवा तपासतो आणि दोन आकडे घेऊन घरी येतो. अचिकित्सक मालकाकडे एकच आकडा असतो आणि तो सुखी असतो.

हवा टायर थंड असताना मोजायची असते, कारण तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की दाब साधारण एका आकड्याने चढतो. मे महिन्यात काँक्रीटवरून तास-दोन तास धावलेल्या टायरचा दाब सहज चार-पाच आकडे वर गेलेला असतो, आणि तो जायलाच हवा. कंपनीने तो हिशेब धरलेला असतो. परंतु चालकाच्या डोक्यात गरम टायर फुटण्याची धास्ती असते. तो संगमेश्वरला थांबून चारही चाकांतली हवा थोडी थोडी सोडतो आणि समाधानाने चहा घेतो. हवा कमी झाल्यामुळे टायरच्या भिंती जास्त वाकतात, जास्त वाकल्यामुळे टायर अधिक तापतो, तो तापलेला पाहून पुढच्या थांब्यावर आणखी हवा सोडली जाते. टायर फुटू नये म्हणून घेतलेल्या या काळजीनेच पुष्कळ टायर फुटतात. नायट्रोजन भरून घेणे हा यावरचा प्रतिष्ठित उपाय आहे. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकट असतो. पैसे उरलेल्या २२ टक्क्यांचे द्यावे लागतात.

तरीही हवेचा पेच पिकअपच्या बाबतीत खरोखरच अवघड आहे, आणि इथे चालकाची बाजू घेतली पाहिजे. या गाडीचे आयुष्य दुहेरी असते. जाताना ती पेट्यांनी ओतप्रोत, येताना हौद्यात ताडपत्री, दोरी आणि एखादा झोपलेला क्लीनर. जातानाच्या भारासाठी मागच्या चाकांत भरलेली हवा येताना फार जास्त ठरते. टायर मधोमध उचलतो आणि मुंबईजवळच्या वाशीपासून रत्नागिरीपर्यंत मध्य घासत येतो. परतीच्या वाटेवर हवा उतरवावी, पुन्हा माल भरला की चढवावी, असे शास्त्र सांगते. रात्रभर जागून वाशीच्या बाजारात माल उतरवलेला चालक शास्त्राचे ऐकत नाही, आणि ऐकावे अशी अपेक्षाही कुणी ठेवू नये.

हवा ठीक असूनही टायर एकाच कडेने खाल्ला जात असेल तर चाके कोणत्या दिशेला बघताहेत हे पाहावे लागते. पुढची दोन चाके एकमेकांना अगदी समांतर नसतात. किती आत किंवा बाहेर वळलेली असावीत याचे माप ठरलेले असते आणि ते इतके बारीक असते की डोळ्यांना दिसत नाही. एका मोठ्या खड्ड्याने चाके वळवणारा टाय रॉड किंचित वाकतो आणि माप बिघडते. चाक अर्धा अंश तिरके झाले असे धरू. अर्धा अंश म्हणजे काहीच नाही. उभ्या माणसाला तो जाणवणारही नाही. पण त्रिकोणमितीप्रमाणे असे चाक प्रत्येक किलोमीटरमागे पावणेनऊ मीटर आडवे घासले जाते. रत्नागिरी ते वाशी सव्वातीनशे किलोमीटर धरले, तर बाजारात पोचेपर्यंत ते पावणेतीन किलोमीटरांहून अधिक अंतर बाजूला, खेकड्याच्या चालीने चाललेले असते. त्याचे वेगळे भाडे लागत नाही.

ही झीज हाताला कळते. टायरवरून तळहात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत लागते, उलट फिरवला तर करवतीच्या दात्यांवरून गेल्यागत खरखरते. चाके आत जास्त वळली असतील तर बाहेरची कड जाते, बाहेर वळली असतील तर आतली. हे कळायला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, फक्त हात काळा होतो. तेवढ्यासाठी हा तपास टाळला जातो.

तिरके बघणे वेगळे आणि तिरके उभे राहणे वेगळे. चाकाचा माथा आत किंवा बाहेर कलला तरी एक कड झिजते; माणसाची चप्पल एका टाचेला झिजते तसे. ज्या गाडीला पुढे अखंड धुरा असतो तिथे हा कल सहसा फिरवता येत नाही. दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर बहुधा फिरवता येतो. या कामासाठी अलाइनमेंटची दुकाने आहेत. तिथे गाडी खड्ड्यावर चढवतात, चाकांना चकचकीत तबकड्या लावतात आणि पडद्यावर लाल-हिरवे आकडे दिसतात. लाल आकडे हिरवे झाले की काम झाले. आकड्यांचा अर्थ विचारणारे गिऱ्हाईक विरळा. रंग बदललेला दिसला की पैसे वसूल. या सगळ्या सोहळ्यातला एक बारकावा असा की गाडी दुकानात येते ती रिकामी. मागे टन-दीड टन पडल्यावर पाटे दबतात, मागचा भाग बसतो, नाक वर होते, पुढची चाके हलकी होतात आणि त्यांचे कोन बदलतात. हिरवे आकडे रिकाम्या गाडीचे असतात आणि वाशीला भरलेली गाडी जाते. प्रमाणशीर भार धरून माप ठरवलेले असते, त्यामुळे कागदावरच्या वजनाला ते निभावते. दोरी पुरेल तिथवरच्या वजनाला निभावत नाही.

घाट हा वेगळा अध्याय आहे. रत्नागिरीहून कोल्हापूरला आंबा घाट, चिपळूणहून कऱ्हाडला कुंभार्ली, राजापूरहून अणुस्कुरा, आणि मुंबईकडे जायचे तर परशुराम, भोस्ते, कशेडी. जिल्ह्यातून बाहेर पडायचे म्हणजे कुठे ना कुठे चढउतार आणि नागमोडी हे ठरलेले. वळणावर आतल्या चाकाला बाहेरच्यापेक्षा जास्त वळावे लागते, नाहीतर एक चाक फरपटते. यावरची जोडणी म्युनिकच्या गेओर्ग लांकेनस्पर्गर या गाडी-कारागिराने शोधली आणि १८१८ साली लंडनमध्ये रुडॉल्फ अकरमानने तिचे पेटंट घेतले. जगभर ती अकरमानच्या नावाने ओळखली जाते. ज्याचे श्रेय त्याला न मिळण्याची ही परंपरा टायरच्या दोषापर्यंत तशीच चालत आली आहे.

वळताना गाडीचा भार बाहेरच्या बाजूला झुकतो आणि बाहेरच्या पुढच्या चाकाची बाहेरची कड खरडते. डाव्या बाजूने चालणाऱ्या गाडीला डावे वळण अधिक आवळून घ्यावे लागते, म्हणून घाटात उजव्या पुढच्या टायरची बाहेरची कड आधी जायला हवी. चालक खरोखरच डाव्या बाजूने चालला तर. आंबा घाटात पुढे पोलादाची कांब लादलेला ट्रक आणि मागे भोंगा वाजवणारी एसटी असताना हा ‘तर’ बराच मोठा होतो, आणि म्हणूनच घाटातल्या टायरांची झीज पुस्तकाबरहुकूम सापडत नाही.

घाटापेक्षा घराजवळची वळणे जास्त रबर खातात, हे सहसा कुणी मानत नाही. वाडीतल्या वाटेला दोन्ही बाजूंना दगडी गडगे, मधे गाडीच्या रुंदीहून वीतभर जास्त जागा, आणि पिकअप फिरवायची ती आंब्याचे कलम, विहीर आणि चुलत्यांची हद्द सांभाळून. जुन्या गाडीचे स्टिअरिंग उभ्या जागी फिरवताना खांदे निखळत, म्हणून चालक गाडी थोडी हलवत हलवत वळवायचा. नव्या गाडीला पॉवर स्टिअरिंग आहे. गाडी जागच्या जागी उभी ठेवून एका बोटाने चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवता येते, आणि रबराचा तो पंजा जांभ्यावर जागच्या जागी रगडला जातो. सुखसोय वाढली की खर्च कुठून तरी निघतोच. इथे तो पुढच्या दोन चाकांतून निघतो.

रस्त्याबद्दल बोलायचे तर मुंबई-गोवा महामार्ग पूर्वी १७ क्रमांकाचा होता, आता ६६ क्रमांकाचा आहे. क्रमांकाचे काम वेळेत पूर्ण झाले. चौपदरीकरण २०११ पासून टप्प्याटप्प्याने चालू आहे. गुळगुळीत काँक्रीट संपून अचानक जुना डांबरी तुकडा लागतो, तिथे वेग उतरेपर्यंत टाय रॉडचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. आंब्याची गाडी पहाटेच्या आत बाजार गाठायला रात्री निघते, त्यामुळे खड्डा आधी दिसत नाही, नंतर कळतो. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेला उतरता ठेवलेला असतो. तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या मुलखात तो ठेवावाच लागतो. त्यामुळे गाडी डावीकडे ओढते आणि चालक स्टिअरिंग नकळत किंचित उजवीकडे धरून राहतो. समोरून एसटी आली की डावी चाके साइडपट्टीवर उतरतात. साइडपट्टी पावसाने धुपून रस्त्यापेक्षा चार बोटे खाली गेलेली असते. उतरताना आणि चढताना टायरची डावी भिंत काँक्रीटच्या कडेवर तासली जाते. डाव्या टायरच्या भिंतीवरचा कंपनीचा नाव-पत्ता आधी पुसला जातो तो यामुळे.

रस्त्याला शिव्या देताना एक अडचण येते. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांची मोठी चाचणी झाली, तिच्यावरून असे दिसले की रस्त्याचे नुकसान धुऱ्यावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घातात वाढते. वजन वीस टक्क्यांनी वाढले की नुकसान दुप्पट. पिकअप मोठ्या ट्रकच्या मानाने निरपराध आहे. तरीही गावातल्या पातळ डांबरी रस्त्यावर ज्या खड्ड्याने टायर खाल्ला, तो खणण्यात आपलीही थोडी मेहनत आहे हा विचार हातखंबा तिठ्यावरच्या चर्चेत निघत नाही. रस्ताच टाळून, टायर अजिबात न झिजता कोकण पार करण्याचाही एक मार्ग आहे. कोकण रेल्वेने १९९९ साली कोलाड ते वेर्णा भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून नेण्याची सेवा सुरू केली. त्या ट्रकांचे टायर रत्नागिरी जिल्ह्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्वस्थ बसून जातात.

सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळी माळावरच्या, बागांची गोष्ट आणखी वेगळी. कातळावर सुरुंग लावून केलेल्या खड्ड्यांत कलमे असतात आणि तिथवर जाणारी वाट म्हणजे तोच कातळ, कोरा. जांभ्याचे टोकदार कंगोरे नक्षीचे तुकडेच उचकटतात. ही झीज नव्हे, हा लचका. बागायतदाराला ते मान्य असते, कारण पेट्या डोक्यावरून आणायला माणसे मिळत नाहीत.

टायरवर ठरावीक अंतराने खोलगट वाट्या पडल्या असतील, तर शॉकअप गेले आहेत किंवा चाकाचे बॅलन्सिंग बिघडले आहे. चाक रस्त्याला चिकटून न राहता उड्या मारते आणि जिथे आपटते तिथे वाटी पाडते. रिकाम्या पिकअपचे मागचे कडक पाटे या उड्यांना उत्तेजन देतात. गाडी साठच्या पुढे गेली की एकसुरी घरघर सुरू होते. चालक तो आवाज बेअरिंगचा समजतो, बेअरिंग बदलतो, आवाज राहतो. मग तो गाण्याचा आवाज वाढवतो आणि दोष जातो.

उभ्या गाडीचाही टायर खराब होतो, हे ऐकून मालकाला सगळ्यात जास्त वाईट वाटते. जून-जुलैत आंबा संपलेला, मासेमारी बंद, चिऱ्याच्या खाणीत पाणी. पिकअप अंगणात पन्हळीखाली उभी राहते. दोन महिने एकाच जागी भार पडून टायरचा खालचा भाग चपटा होतो. हवा हळूहळू उतरत असेल तर अधिक. ऑगस्टमध्ये गाडी निघते तेव्हा पहिले काही किलोमीटर ती अडखळत चालते. बऱ्याचदा हा चपटेपणा चालून गरम झाल्यावर जातो, कधी कधी कायमचा राहतो. अधूनमधून गाडी वीतभर पुढेमागे करावी, एवढाच उपाय. पण त्यासाठी भर पावसात छत्री घेऊन बाहेर पडावे लागते.

यातला बराचसा असमतोल चाकांची अदलाबदल करून वाटून टाकता येतो. आठ-दहा हजार किलोमीटरला पुढची चाके मागे आणि मागची पुढे घेतली की प्रत्येक टायर प्रत्येक प्रकारचा अन्याय थोडाथोडा सोसतो. यात पाचवा टायर, म्हणजे स्टेपनी, धरला तर आणखी चांगले. स्टेपनी मात्र गाडीत सर्वांत निवांत जगते. ती हौद्याखाली टांगलेली असते, मासळीच्या बर्फाचे खारट पाणी तिच्या साखळीवर ठिबकते आणि गरज पडते त्या रात्री साखळी गंजून एकजीव झालेली असते. हातोडा, डिझेल आणि शिव्या यांच्या मिश्रणाने ती खाली आलीच, तर तिच्या भिंतीवरचा चार आकडी शिक्का वाचावा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरीकरकरीत आणि रबर वाळून भेगाळलेले अशी ती निघते. न वापरल्यामुळे वाया गेलेली वस्तू टाकवत नाही, म्हणून ती पुन्हा वर टांगली जाते.

कधी थांबायचे, हे टायर स्वतः सांगतो. नक्षीच्या खाचांत १.६ मिलिमीटर उंचीचे छोटे उंचवटे असतात आणि ते कुठे आहेत हे दाखवणारी खूण भिंतीवर असते. नक्षी झिजून त्या उंचवट्यांना टेकली की टायर संपला. पावसात खाचांतून पाणी बाहेर फेकले जाते, म्हणून त्या खाचा असतात. खाच नसेल तर गाडी पाण्यावर तरंगते आणि ब्रेक हा केवळ मनाचा समज उरतो. एकतर्फी झिजलेल्या टायरचे निदान कोणत्या कडेवरून करायचे, यावर मात्र मालकाचे मत पक्के असते: जी कड चांगली आहे तिच्यावरून. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी पासिंग करून घ्यावे लागते. त्या दिवसापुरते मित्राच्या गाडीचे चांगले टायर चढवून नेण्याची रीत या धंद्यात जुनी आहे. काही मित्रमंडळींत असा एकच जोड वर्षभर फिरत असतो आणि सगळ्यांत सारखा झिजलेला टायर जिल्ह्यात कुठे असेल, तर तोच.

बाद झालेला टायर कोकणात फुकट जात नाही. मिरकरवाड्याला तो होडीच्या अंगाला बांधला जातो, गोठ्यावरच्या प्लॅस्टिकवर वजन म्हणून पडतो, पोरांच्या झोपाळ्याला लागतो, नाहीतर परसात पडून पावसाचे पाणी साठवतो. त्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. म्हणून पावसाळ्यात आरोग्य खात्याची माणसे घरोघर फिरून टायर उलटे करून पाणी सांडतात आणि वहीत नोंद करतात. टायर कोणत्या कडेने झिजलाय, याचा रकाना त्या वहीत नाही.